साडूला धबधबा दाखवताना

साडू हे नातं आपल्याकडे गोड बोललं जातं आणि बारीक नजरेनं मोजलं जातं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे दोघांचे पगार, घरं, गाड्या आणि पोरांचे टक्के एकाच स्वयंपाकघरात तोलले जातात. माझे साडूभाऊ पुण्यात आयटीत आहेत. मी बीडमध्ये माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. ते आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन एकच प्रश्न विचारतात, "मग, तुमच्या बीडमध्ये बघायला काय?" खंडेश्वरीचं देऊळ झालं, तळ्यातला कंकालेश्वर झाला, खजाना विहिरीत डोकावून झालं. दुष्काळातही त्या विहिरीला पाणी असतं आणि ती १५८२ सालातली आहे, हे मी सांगून पाहिलं. पण पुण्याच्या माणसाला विहीर ती विहीरच.

अशाच एका सकाळी मी म्हणालो, "आमच्याकडे धबधबे आहेत."

साडूभाऊ हसले. "धबधबा? बीडमध्ये? टँकरचा का?"

सगळे हसले, माझी बायकोसुद्धा. मला झोंबलं. पुढे जे जे चुकलं त्याचं मूळ त्या झोंबण्यात आहे, म्हणून ते आधी सांगितलं. नाही तर भूगोलाच्या मास्तरानं त्या चुका कशा केल्या, हे कोणाला पटायचं नाही.

पहिली फजिती त्याच जुलैत झाली. पुण्याचे लोक जुलै आला की ताम्हिणीला, लोणावळ्याला धावतात. साडूभाऊंची सवयही तीच. ते म्हणाले जुलैत दाखवा, मी म्हणालो चला. गाडी घेऊन थेट पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याला गेलो. विंचरणा नदी तिथं पठारावरून एकदम खोल दरीत उडी घेते आणि खाली दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. आम्ही कड्यावर उभे राहिलो. समोरच्या काळ्या खडकावर ओलसर पट्टा होता. खाली डबक्यात म्हशी बसलेल्या. साडूभाऊंनी गॉगल काढून नीट पाहिलं, परत लावला आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं टँकरच्या विनोदाहून वाईट होतं.

आता ही चूक दुसऱ्या कोणी केली असती तर ठीक. मी दरवर्षी फळ्यावर सह्याद्री काढतो, पश्चिमेकडून बाण काढतो आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश रेघा मारून दाखवतो. नैर्ऋत्येचे ढग घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बीडला साडेसहाशेच्या आसपास. तोही जुलैत रुसतो आणि सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर, मन मोकळं करतो. बालाघाटाचे धबधबे म्हणून भादव्यात जिवंत होतात. हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असलेलं आपल्याच जिल्ह्याला लागू करायचं असतं, हे डोक्यात आलं नाही. फळ्यावर बीड हा एक ठिपका असतो.

त्या दिवशी कड्यावर एक माणूस भेटला. पन्नाशीचा, काटक, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. पावसाच्या दिवसांत आलेल्या लोकांना तो दरीत नेतो-आणतो, श्रावणी सोमवारी गर्दीच्या गाड्या सांभाळतो आणि दसरा झाला की बायकोबरोबर ऊसतोडीला जातो. सगळे त्याला मामा म्हणत होते, मीही म्हणालो. मामानं आमचे चेहरे वाचले आणि म्हणाला, "सर, आता काय बगता? पित्रपाटात या. तवा बगा आमची नदी."

पित्रपाट आला. गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले होते, पाऊस चांगला लागला होता, बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी वाहतंय असे व्हिडिओ फोनवर फिरत होते. मी साडूभाऊंना फोन केला. या वेळी मी म्हणालो, "सगळं आखतो. अर्ध्या दिवसाची सहल. गाइड पण ठरवतो."

मामाला फोन केला. त्यानं पाचशे रुपये सांगितले. मी तीनशेवर आणलं. का आणलं? पैशांची अडचण नव्हती. गावाकडचा माणूस सांगतो ती रक्कम कमी करायचीच असते, एवढं एक वळण हाताला लागलेलं असतं. साडूभाऊंनी पुण्याहून येताना टोलनाक्यांवरच त्याहून जास्त घातले असतील.

पैसे ठरल्यावर मामानं एकच गोष्ट सांगितली. "सर, आधी सौताडा घ्या. सकाळी आठला दरीत, अकराला वर. मग कपिलधारला जा नाहीतर कुटं बी जा. दुपारनंतरच्या आभाळाचा भरोसा न्हाई."

मी हो म्हणालो आणि कागदावर नेमकं उलटं लिहिलं. पाली, कपिलधार, मांजरसुंब्याला चहा, पाटोदा आणि शेवटी सौताडा. त्याला माझ्याकडे कारणं होती. रस्ता तसाच जातो. बीडहून निघालं की आधी पालीचं धरण लागतं, मग घाट चढून मांजरसुंबा, तिथून कपिलधारचा फाटा जवळ आणि सौताडा साठेक किलोमीटरवर अगदी टोकाला, जामखेडच्या हद्दीला लागून. शिवाय सगळ्यात भारी ते शेवटी ठेवावं, नाटकाचा तिसरा अंक जोरात हवा, असंही मला वाटलं. मामाच्या सांगण्यात हवामानाचं शास्त्र होतं, हे मला नंतर कळलं. परतीच्या पावसात सकाळी ऊन असतं, जमीन तापते, दुपारी ढग उभे चढतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट करून मोकळे होतात. हाही धडा मी शिकवतो. आरोह पर्जन्य, आकृतीसह, पाच गुण.

रविवारी आम्ही सातला निघायचे ते साडेआठला निघालो. दोन गाड्या, साडूभाऊ, मेहुणी, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि बारावीतला मुलगा, आम्ही दोघं आणि सासूबाई. पालीला धरणाच्या सांडव्यावरून पाण्याची पांढरी चादर उतरत होती. तिथं मी जुलै १९८९ चा पूर सांगितला. २३ तारखेला हीच बिंदुसरा एकाएकी फुगली आणि काही तासांत बीडमधल्या नदीकाठच्या वस्त्या घेऊन गेली. एरवी नदी म्हणून ओळखूसुद्धा येत नाही, अशी ही बारकी नदी. "डोंगरातल्या छोट्या नद्यांचं असंच असतं," मी भाच्यांना सांगत होतो, "पाणी वर कुठे तरी पडतं आणि खाली ऊन असताना लोंढा येतो." हे वाक्य माझ्या तोंडचं आहे. सकाळी साडेनऊला उच्चारलेलं. भाचीनं ते मोबाइलवर टिपलंय, म्हणून नाकारताही येत नाही.

कपिलधारबद्दल थोडं सावकाश सांगायला हवं. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येतात, झाडी दाट होते आणि हा मराठवाडा आहे यावर नव्या माणसाचा विश्वास बसत नाही. मन्मथ स्वामींची समाधी इथं आहे. 'परमरहस्य' लिहिणारे हे वीरशैव संतकवी. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्रातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात तेव्हा इथं पाय ठेवायला जागा नसते. समाधीमंदिराजवळच डोंगरावरून धार कोसळते. सौताड्यासारखी ती लांबून बघायची नाही. जवळ जाऊन डोक्यावर घ्यायची. बायका लुगड्यासकट धारेखाली उभ्या असतात, पोरं किंचाळत असतात, पुरुष आधी 'नको नको' म्हणतात आणि मग सगळ्यात शेवटी बाहेर निघतात. साडूभाऊ धारेखाली गेले आणि त्यांचा चेहराच बदलला. पुण्यातला सगळा हिशेब उतरल्यासारखा. मी कडेला उभा राहून ते बघत होतो आणि मला विजयी वाटत होतं. खोटं कशाला बोलू.

भाच्यानं पिशवीतून स्पीकर काढून दगडावर ठेवला आणि गाणी लावली. मी ऐकलं, मला खटकलं, पण साडूच्या पोराला कसं बोलायचं म्हणून गप्प राहिलो. थोड्या वेळानं एक म्हातारे गृहस्थ आले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चौकट. ते अगदी हळू म्हणाले, "बाळा, आत लोक जपाला बसलेत." पोरानं लगेच बंद केलं, माफीही मागितली. पोरगं वाईट नाहीच. ते माझं काम होतं आणि मी ते एका परक्या म्हाताऱ्यावर सोडलं.

तिथून हलायला साडेबारा झाले. मामाचे दोन फोन येऊन गेले होते. एकदा मी "निघालोच" म्हणालो, तेव्हा साडूभाऊ अजून धारेखाली होते. दुसरा उचललाच नाही.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना पठार हिरवंगार दिसतं. तरवडाची पिवळी फुलं, रस्त्याकडेला पाट्यांमध्ये सीताफळं घेऊन बसलेल्या बाया. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मी सांगितलं. या भागात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ चं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. मोर काही रस्त्यावरून दिसला नाही, पण मी हात करून दिशा दाखवली. मग मी माझा आवडता मुद्दा काढला. बालाघाटाची ही रांग म्हणजे घराचं आढं आहे. एका पाखीवरचं पाणी गोदावरीत जातं, दुसऱ्या पाखीवरचं भीमेत. सकाळी कपिलधारला डोक्यावर घेतलेली धार गोदावरीच्या खोऱ्यातली. आता जी विंचरणा बघणार ती जामखेडवरून सीनेत, सीना भीमेत, भीमा कृष्णेत. एकाच ढगाचं पाणी, पण एक राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळणार आणि दुसरं विजयवाड्यावरून. मागे वळून पाहिलं तर साडूभाऊ झोपले होते.

सौताड्याला पोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. मामा झाडाखाली बसलेला. तो चिडला असेल असं मला वाटलं, पण त्यानं फक्त आभाळाकडे बघितलं. पाटोद्याच्या बाजूला पांढरे ढग उभे चढत होते, त्यांची बुडं काळसर झालेली. "सर, आज वरूनच बगा," तो म्हणाला. "वरून बी झ्याक दिसतंय."

खरंच झ्याक दिसत होतं. जुलैत जिथं ओलसर पट्टा होता, तिथं पाण्याचा जाड दोर कड्यावरून सुटत होता, अर्ध्यात विस्कटत होता आणि खाली त्याचा नुसता धूर होत होता. कड्याच्या कपारीतून पारवे सुटायचे, पाण्यासमोरून गिरकी घ्यायचे आणि परत कपारीत. साडूभाऊ कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मानलं बुवा." मला इतकंच ऐकायचं होतं. तिथून परत फिरलो असतो तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं.

पण मास्तर जिंकला की शिकवायला लागतो. कड्याच्या टोकाला एक सपाट फरशी पुढे आलेली होती. मी तिच्यावर चढून बेसाल्ट समजावू लागलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर, एकावर एक. प्रत्येक थराचा मधला भाग टणक, वरचा भाग जाळीदार, दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा. मऊ पट्टा आधी झिजतो, टणक फरशी वर तशीच लोंबत राहते आणि एक दिवस उभ्या भेगेवर तुटून खाली जाते. धबधबा असाच मागे मागे सरकतो. भाची फोटो काढत होती. मामानं माझा दंड धरला आणि मला चक्क मागे ओढलं. मग बाजूला नेऊन, गुडघ्यावर बसवून, त्याच फरशीची खालची बाजू दाखवली. वर हातभर जाडीचा दगड. खाली तांबडी भुसभुशीत माती, बोटानं उकरली तर निघेल अशी, आणि तीही आत वीतभर खचून गेलेली. दगडाच्या पाठीत एक भेग होती, तिच्यातून गवत उगवलेलं. मी ज्या गोष्टीचं वर्णन करत होतो तिच्यावरच उभा होतो. मामाला बेसाल्ट हा शब्द माहीत नव्हता. दगड माहीत होता.

एवढ्यावर तरी शहाणपण यायला हवं होतं. पण आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, इतकं आलोय तर रामेश्वराचं दर्शन घेऊ. रामानं वनवासात ही पिंड स्थापली असं सांगतात, आणि आईंना ते कोणी तरी वाटेत सांगितलं होतं. ते 'कोणी तरी' म्हणजे मी. मामा म्हणाला, "आजी, आज राहू द्या." मी म्हणालो, "पायऱ्या आहेत की मामा, अर्ध्या तासात वर येऊ." आईंचे गुडघे मला माहीत होते. उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट चढायला लागतो, हे पर्वतीवर गेलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मी फक्त उतरण्याचा हिशेब केला.

दरीत उतरलं की हवा बदलते. गार, ओल्या दगडांचा वास, आवाज सगळीकडून येतो. दर्शन झालं. आई देवळापाशी बसल्या. पोरं म्हणाली, पलीकडच्या खडकावरून धबधबा पूर्ण फ्रेममध्ये येतो, रील करतो. नदीत पाणी घोट्याला लागण्याइतकंच होतं. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काका, जाऊ?" त्यांनी मामाला विचारलं नाही, मला विचारलं. मी म्हणालो, "जा, दोन मिनिटं."

मामा पाण्याच्या काठाशी बसला होता. त्यानं मुठीएवढा एक दगड उचलून पाण्याला लागून, कोरड्या वाळूत ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. मला ते कळलं नाही. थोड्या वेळानं दगड अर्धा पाण्यात होता. मग त्यानं ओंजळभर पाणी उचललं. मघाशी नितळ होतं, आता त्यात मुरमाची झाक आली होती आणि सुक्या पानांचे, काड्यांचे पुंजके तरंगत होते. मामा उठून ओरडला, "पोरांनो, फिरा! फिरा माघारी!"

मी म्हणालो, "अहो मामा, पाऊस तर कुठेच नाही." दरीत स्वच्छ ऊन होतं.

"हितं न्हाई सर. वर झालाय."

दहावीच्या वर्गाला मी पाणलोट क्षेत्र शिकवतो. पठारावर माती थोडी, खाली मुरूम आणि काळा दगड, झाडोरा विरळ. पाणी मुरत नाही, ओढ्यांतून धावत सुटतं. वर्गात मी त्याच वर्षी लोणावळ्याचा व्हिडिओसुद्धा दाखवला होता. ३० जून २०२४, भुशी धरणाच्या मागचा धबधबा, एकमेकांना धरून प्रवाहात उभं असलेलं एक कुटुंब आणि मग काहीच नाही. त्यातले पाच जण गेले. वर्ग चिडीचूप झाला होता आणि मी जड आवाजात म्हणालो होतो, "निसर्गाला गृहीत धरू नका." जड आवाज काढणं सोपं असतं.

धबधब्याचा आवाज बदलला. आधी सळसळ होती, आता घरंगळल्यासारखा घुमू लागला. पांढरं पाणी डोळ्यांदेखत तांबूस झालं. भाची जवळ होती, मामा गुडघाभर पाण्यात शिरला, उपरण्याचं एक टोक तिच्याकडे फेकलं आणि तिला ओढून अलीकडे आणलं. भाचा मागे राहिला. तो मोबाइल पिशवीत घालत होता. तेवढ्या वेळात पाणी मांडीपर्यंत आलं. साडूभाऊ पाण्याकडे धावले, मामानं त्यांना छातीला हात लावून थोपवलं आणि पलीकडे ओरडला, "बाळा, पाण्यात पाय घालू नको! वर चढ! त्या मोठ्या दगडावर! आणखी वर!"

पोरगं चढलं. साडूभाऊ ओरडत होते, दोर आणा, काहीतरी करा, तुम्ही गाइड आहात ना. मामाचा आवाज चढला नाही. "पोरगं सुरक्षित हाय साहेब. आता आनाया गेलो तर दोघं बी जाऊ. ही नदी येती तशी उतरती. थांबायचं."

थांबलो. फोनला रेंज नव्हती. दरीत ऊन होतं आणि समोर तांबडं पाणी. भाचा उंच दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, दर थोड्या वेळानं मामा त्याला हात करायचा, तो हात करायचा. मेहुणी देवळात जाऊन बसली, ती बाहेर आलीच नाही. साडूभाऊ आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. त्यांनी मला एकही शब्द सुनावला नाही, आणि मला सांगण्यासारखं काही नव्हतं. मनात एकच हिशेब चालू होता. आठला आलो असतो तर अकराला वर असतो. वरूनच बघितलं असतं तर. जा म्हणालो नसतो तर. प्रत्येक ठिकाणी मामानं वेगळं सांगितलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी मी 'आपल्याच जिल्ह्यातलं आहे' म्हणून पुढे गेलो होतो. पुण्याचा माणूस असतो तर कदाचित घाबरून त्याचं ऐकलं असतं.

पाणी दीड तासानं उतरायला लागलं. मामा मधून मधून नवा दगड ठेवायचा, आणि आता दगड कोरडे राहू लागले होते. घोट्याच्या वर आलं तेव्हा तो स्वतः पलीकडे गेला, भाच्याला पुढे घालून, त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरून अलीकडे आला. पोराच्या आईनं त्याला काय केलं हे मी लिहीत नाही.

मग पायऱ्या. आईंचा एक गुडघा पार धरला होता. मामा त्यांच्या एका बाजूला, साडूभाऊ दुसऱ्या बाजूला. दहा पायऱ्या, बसायचं. आठ पायऱ्या, बसायचं. आमच्याकडे पाणी संपलं होतं, खायला काही नव्हतं, कारण अर्ध्या दिवसाच्या सहलीला जेवण कशाला, असं मीच म्हणालो होतो. वर आलो तेव्हा दिवे लागले होते.

मी पाकीट काढलं. मनात मोठी रक्कम द्यायचं ठरवलं होतं. त्याआधीच साडूभाऊंनी मामाच्या हातात नोटा ठेवल्या. मामानं त्या मोजल्या, खिशात घातल्या आणि माझ्याकडे वळून सरळ म्हणाला, "सर, तुमचे तीनशे राहिले. आणि सकाळपून दोन गिऱ्हाइकं सोडली, त्येचे बी द्या." मी दिले. त्यानं संकोच केला नाही, मीही करायला लावला नाही. पण साडूनं माझ्या आधी पैसे काढले हे मला तेव्हाही झोंबलं. त्या दिवशी, त्या अवस्थेतसुद्धा. हे लिहायची लाज वाटते, पण अनुभव लिहायचा तर हेही त्यातच येतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोललं नाही. मेहुणीनं पुढे काही महिने मला फोन केला नाही, बायकोशी बोलायची. आईंचा गुडघा दिवाळीपर्यंत सुजलेला होता. भाचा मात्र हे सगळं मित्रांना रंगवून सांगतो आणि त्याच्या गोष्टीत पाणी दरवेळी थोडं थोडं वाढत जातं.

पुढच्या वर्षी शाळेनं सौताड्याची सहल काढायचं ठरवलं आणि स्थानिक म्हणून माझं नाव पुढे केलं. मी सप्टेंबरात नेईन म्हणालो, पण वरूनच, आणि दुपारी बाराच्या आत परत. मुलांनी तोंडं वाकडी केली. एका पालकानं विचारलं, मग एवढ्या लांब जाऊन उपयोग काय? मी त्यांना रागावलो नाही. मामाला महिनाभर आधी फोन केला, पाचशे सांगितले त्याला सहाशे म्हणालो आणि कुठून काय बघायचं ते त्यालाच विचारलं. त्यानं मुलांना लोंबती फरशी खालून दाखवली, पाण्याकाठी दगड कसा ठेवायचा ते बंधाऱ्यावर करून दाखवलं. बेसाल्टवर मी बोललो, दोनच मिनिटं.

तुम्हाला जायचं असेल तर जुलैत जाऊ नका, फसाल. भादव्याच्या उत्तरार्धात किंवा आश्विनाच्या सुरुवातीला जा. कपिलधार आणि सौताडा एका दिवसात होतात, अर्ध्या दिवसात होत नाहीत, आणि एकच करायचं असेल तर आधी सौताडा, सकाळी. म्हाताऱ्या माणसांना वरून दर्शन घेऊ द्या, रामेश्वर रागावत नाही. गावातला माणूस सोबत घ्या, तो मागेल तेवढे पैसे द्या आणि तो 'वर चला' म्हणाला की पिंडीवरचं फूल अर्धवट सोडून निघा. मात्र हे सगळं दसऱ्याच्या आत उरका. दसऱ्यानंतर मामा तिथं सापडणार नाही, तो कोयता घेऊन कारखान्याच्या फडात गेलेला असेल.